पाथरीच्या कुलकर्ण्यांचे तख्त

परभणीहून मानवत ओलांडून पुढे गेले की पाथरी लागते. काळ्याभोर जमिनीचे, गोदावरीच्या उत्तर अंगाला वसलेले तालुक्याचे गाव. अलीकडे या गावाचे नाव महाराष्ट्रभर गाजले ते साईबाबांच्या जन्मस्थानाच्या वादामुळे. जानेवारी २०२० मध्ये त्या वादापायी शिर्डीत बंद पाळला गेला. पण पाथरीवरून भांडण होण्याची ही पहिली वेळ नव्हती. पाचशे वर्षांपूर्वी याच गावासाठी अहमदनगरच्या निजामशहाने दोनदा फौजा आणल्या. त्यातून पेटलेल्या वैरात गुजरातचा सुलतान दख्खनमध्ये उतरला. पुढे सत्तर वर्षांनी मोगलांशी झालेल्या एका मोठ्या लढाईलाही हेच गाव निमित्त झाले. या सगळ्याच्या मुळाशी होते एक कुलकर्णी वतन. अहमदनगरच्या तख्तावर बसलेले घराणे मूळचे पाथरीच्या कुलकर्ण्यांचे होते आणि त्या घराण्याला आपले वतन परत हवे होते.

ही गोष्ट दंतकथा वाटावी अशी आहे, पण ती सांगणारा माणूस त्या दरबारात वावरलेला होता. मुहम्मद कासिम फिरिश्ता जन्माने कास्पियन समुद्राकाठच्या अस्तराबादचा. वडिलांचे बोट धरून तो लहानपणीच अहमदनगरला आला, मुर्तझा निजामशहाच्या चाकरीत मोठा झाला आणि १५८९ मध्ये विजापूरला गेला. तिथे दुसऱ्या इब्राहीम आदिलशहाच्या सांगण्यावरून त्याने सतराव्या शतकाच्या पहिल्या दशकात आपला मोठा फारसी इतिहास सिद्ध केला. पाथरीची हकीकत त्यातच आहे. निजामशाहीच्या आश्रयाने लिहिणाऱ्या सय्यद अली तबातबाने मात्र ‘बुऱ्हान-ए-मआसिर’मध्ये या घराण्याला थेट बहमनी सुलतानांच्या रक्ताचे ठरवले आहे. आश्रयदात्याला राजवंशाची कुळी जोडून देणे ही त्या काळची रीतच होती. तरीही फिरिश्त्याचे म्हणणे टिकून राहिले, कारण निजामशहाची स्वतःची वागणूकच त्याच्या बाजूने साक्ष देते. बहमनी राजपुत्राच्या वंशजाला पाथरीच्या कुलकर्णीपणाचे एवढे काय पडले असते?

फिरिश्त्याच्या सांगण्यानुसार या घराण्याचे पूर्वज पाथरीचे ब्राह्मण कुलकर्णी. काही कारणाने त्यांना गाव सोडावे लागले आणि ते दक्षिणेला विजयनगरच्या राज्यात जाऊन राहिले. त्या काळी वतनदाराने गाव सोडणे म्हणजे काय, हे समजून घेतले पाहिजे. कुलकर्णी गावाचा लेखक. कोणाची किती जमीन, कोणते पीक, किती वसूल, किती बाकी, हे सारे त्याच्या दफ्तरात असे. राज्ये आली-गेली तरी हे दफ्तर त्याच घरात राही, कारण नव्या राज्यकर्त्यालाही वसूल करायचा तर त्याच रुमालांना हात घालावा लागे. या कामाबद्दल त्याला हक्क-लाजिमे मिळत, इनाम जमीन मिळे आणि गावात मानपान मिळे. ते वतन पुत्रपौत्रादि वंशपरंपरेने चाले. दुष्काळ, दंगा किंवा भाऊबंदकी यांमुळे वतनदार परागंदा झाला तरी त्याचा हक्क बुडाला असे गोत मानत नसे. दोन-तीन पिढ्यांनी वंशज परत आले आणि त्यांनी दावा सिद्ध केला, तर त्यांना वतन परत मिळू शके. पाथरीच्या घराण्यानेही गाव सोडले होते, दावा सोडला नव्हता.

विजयनगरला स्थिरावलेल्या या कुटुंबात बहिरू नावाच्या गृहस्थाला तिमाप्पा नावाचा मुलगा होता. पंधराव्या शतकाच्या पूर्वार्धात बहमनी सुलतान अहमदशहाच्या फौजेने विजयनगरच्या मुलखावर स्वारी केली, तेव्हा तो पोर वयातच पकडला गेला. त्याला मुसलमान करण्यात आले, हसन हे नाव मिळाले आणि त्याची गणना सुलतानाच्या गुलामांत झाली. आईबापांपासून तोडलेल्या पोराची पुढची कहाणी कितीही वैभवाची असली तरी तिची सुरुवात अशी होती, हे विसरता येत नाही. मुलगा कमालीचा हुशार निघाला. सुलतानाने त्याला शाहजाद्याच्या सोबतीला दिले आणि शाहजाद्याबरोबर तो फारसी-अरबी शिकला. बापाच्या नावावरून त्याला ‘हसन बहिरू’ म्हणत. दरबारी जिभेवर त्याचे ‘बहरी’ झाले आणि तेच घराण्याचे उपनाम ठरले.

हसन एकेक पायरी चढत गेला. वजीर महमूद गवानच्या काळात तो तेलंगणचा सुभेदार झाला आणि त्याला ‘निजाम-उल-मुल्क’ हा किताब मिळाला. याच किताबावरून पुढे निजामशाही हे नाव पडले. गवानने कारभाराची घडी नीट बसवण्यासाठी चार सुभ्यांचे आठ केले, सुभेदारांचे अधिकार कापले आणि तेलंगणचेही दोन तुकडे केले. दुखावलेल्या सरदारांत मलिक हसन होता. त्या गटाने गवानच्या शिक्क्याचा कागद मिळवून ओडिशाच्या राजाच्या नावे एक बनावट पत्र तयार केले आणि तिसऱ्या मुहम्मदशहापुढे ठेवले. ५ एप्रिल १४८१ रोजी त्या वृद्ध वजिराचा शिरच्छेद झाला. बहमनी राज्य त्या घावातून पुन्हा सावरले नाही. गवानची जागा मलिक हसनने घेतली आणि पुढच्या वर्षी सुलतान वारल्यावर बाल सुलतानाच्या नावाने तोच राज्य चालवू लागला. पण सत्तेचे जे डाव त्याने खेळले तेच त्याच्यावर उलटले. १४८६ मध्ये बिदरमध्येच त्याचा खून झाला.

त्याचा मुलगा मलिक अहमद तेव्हा जुन्नरच्या मुलखात होता. बापाच्या जहागिरीचा ताबा त्याने आधीच घेतला होता, शिवनेरीसह आसपासचे किल्ले जिंकले होते. बापाच्या मृत्यूनंतर तो बिदरला कुर्निसात करायला गेला नाही. चालून आलेल्या बहमनी फौजेला त्याने १४९० मध्ये धूळ चारली आणि स्वतंत्र राज्य उभे केले. भिंगारजवळ सीना नदीकाठी, जिथे तो विजय मिळाला त्या भागात, १४९४ मध्ये त्याने अहमदनगर वसवायला घेतले. बहिरू कुलकर्ण्याचा नातू राजधानी उभारत होता.

राज्य उभे राहिल्याची वार्ता विजयनगरपर्यंत पोहोचली. तिथे राहिलेले ब्राह्मण भाऊबंद अहमदनगरला आले. धर्म बदलून पिढ्या लोटल्या होत्या, तरी नाते दोन्ही बाजूंनी ओळखीचे होते. त्यांनी मागितले ते पाथरीचे जुने वतन. अडचण एवढीच की पाथरी निजामशाहीत नव्हती. ती वऱ्हाडच्या इमादशाहीत, सरहद्दीवर होती.

इथे इतिहासाने एक विलक्षण योग जुळवून आणला होता. इमादशाहीचा संस्थापक फतहुल्ला हाही विजयनगरच्या मुलखातल्या कन्नड ब्राह्मण घरातला. तोही लहानपणी लढाईत पकडला गेला, वऱ्हाडच्या सुभेदाराकडे वाढला आणि शेवटी त्याच सुभ्याचा धनी झाला. पाथरीवरून भांडणारी दोन्ही सुलतानी घराणी अशी एकाच नशिबातून आलेली होती.

अहमदच्या मागे त्याचा सात वर्षांचा मुलगा बुऱ्हाण गादीवर आला. कारभार मुकम्मलखान दख्खनी पाहत होता. त्याने आधी सामोपचाराचा मार्ग धरला. वऱ्हाडचा अल्लाउद्दीन इमादशहा याला त्याने लिहिले की पाथरी आमच्या धन्याच्या पूर्वजांचे ठिकाण आहे, ते आम्हाला द्या आणि बदल्यात जास्त उत्पन्नाचा दुसरा परगणा घ्या. व्यवहार म्हणून पाहिले तर यात इमादशहाचा फायदाच होता. त्याने नकार दिला, आणि हा वाद इथे मिटणार नाही हे ओळखून पाथरीला किल्ला बांधायला घेतला. किल्ल्याने भांडण वाढेल, असा निरोप अहमदनगरहून आला. इमादशहाने काम पुरे केले आणि मगच तो माघारी गेला.

१५१८ मध्ये मुकम्मलखानाने फौज जमवली. दौलताबाद-वेरूळच्या बाजूला हवापालटाला निघालो आहोत असे भासवून त्याने अचानक पाथरीकडे मोर्चा वळवला. तटाला शिड्या लागल्या. सर्वांत पुढे होता मियाँ मुहम्मद घोरी. किल्ला पडला आणि घोरीला ‘कामिलखान’ किताबासह पाथरीचा कारभार मिळाला. इमादशहाच्या नव्या तटबंदीचा उपयोग त्याच्या शत्रूलाच झाला.

ज्या गावावर हे चालले होते ते काही ओसाड खेडे नव्हते. पार्थाने म्हणजे अर्जुनाने वसवलेले म्हणून पार्थपूर, अशी या गावाची आख्यायिका आहे. ज्ञानराज या ज्योतिषाने १५०३ च्या सुमारास ‘सिद्धान्तसुंदर’ हा ग्रहगणिताचा ग्रंथ रचला तो पार्थपुरात, आणि ते पार्थपूर म्हणजे हीच पाथरी, असे शं. बा. दीक्षितांनी मांडले. ज्ञानराजाचा मुलगा सूर्यपंडित भास्कराचार्यांच्या ‘बीजगणित’ आणि ‘लीलावती’ या दोन्ही ग्रंथांचा टीकाकार. त्याचे ‘रामकृष्णविलोमकाव्य’ तर सरळ वाचले की रामकथा सांगते आणि उलट वाचले की कृष्णकथा. संस्कृतात असे काव्य रचणारा माणूस ज्या गावातला, तिथे कित्येक पिढ्यांची विद्या मुरलेली होती. अशा गावाच्या दफ्तरावरचा हक्क ही मिरवावी अशीच गोष्ट होती.

इमादशहा हात चोळत बसला नाही. गोवळकोंड्याच्या सुलतान कुली कुतुबशहाची मदत घेऊन त्याने पाथरी परत मिळवली. आता बुऱ्हाण मोठा झाला होता. १५२७ मध्ये बिदरच्या अमीर बरीदला बरोबर घेऊन तो स्वतः चालून आला. दोन महिने पाथरीच्या तटावर तोफांचा मारा चालला. सूर्यपंडित त्या वेळी ऐन विशीत होता. दख्खनमध्ये तोफखान्याचे युग नुकते सुरू झाले होते, आणि सामान्य शेतकऱ्या-उदम्यांच्या गावाने त्याची किंमत दोन महिने मोजली. अखेर तट ढासळला. बुऱ्हाणने किल्ला दुरुस्त केला नाही. तो जमीनदोस्त करून टाकला. इमादशहाने बांधलेली भांडणाची निशाणी उरू द्यायची नाही, असाच त्याचा अर्थ दिसतो.

त्यानंतर त्याने जे केले त्यासाठीच ही कथा सांगायची. पाथरी आपल्या ब्राह्मण भाऊबंदांना त्याने इनाम म्हणून देऊन टाकली. एक जिंकलेला परगणा, दोन मोहिमांचा खर्च, दोन महिन्यांचा वेढा, आणि हाती आलेले गाव ज्यांचे होते त्यांना परत. फिरिश्ता सांगतो की ते त्या ब्राह्मण घराण्यात अकबराच्या काळापर्यंत पिढ्यानपिढ्या चालू राहिले. फर्मान देणारा मुसलमान सुलतान, घेणारे ब्राह्मण कुलकर्णी, आणि दोघांचा मूळपुरुष एक.

पण विजयाची किंमत पुढे मोजावी लागली. बुऱ्हाण पाथरीवर थांबला नाही. त्याने माहूरकडे आणि एलिचपूरकडे मोर्चा वळवला. इमादशहा खानदेशात पळाला. खानदेशच्या मुहम्मदशहाची मदतही कमी पडली, तेव्हा दोघांनी गुजरातच्या बहादूरशहाला हाक घातली. तो त्या काळचा पश्चिम हिंदुस्थानातला सर्वांत बलाढ्य राजा. १५२८ मध्ये तो प्रचंड फौज घेऊन दख्खनमध्ये आला आणि दौलताबादला वेढा पडला. आधी सहज जिंकणारा बुऱ्हाण आता नमला. बहादूरशहाच्या नावाने खुतबा वाचण्याचे आणि पाथरी-माहूर परत करण्याचे त्याने कबूल केले. गुजराती फौज माघारी गेल्यावर त्याने खानदेशचे हत्ती परत केले, पण पाथरी सोडली नाही.

या संकटकाळात बुऱ्हाणने शेख जाफरला पेशवेपदावरून दूर करून एका ब्राह्मणाला त्या जागी बसवले. ग्रंथांत त्याचे नाव कुठे कान्हो नरसी, तर कुठे कंवरसेन असे येते. शनिवारवाड्याच्या दोनशे वर्षे आधी महाराष्ट्रातल्या एका राज्याची पेशवाई ब्राह्मणाकडे होती. निजामशाहीचे दफ्तर देशी लेखकांच्या हातात होते आणि सैन्यात मराठे वाढत होते. ‘नृसिंहप्रसाद’ हा धर्मशास्त्राचा प्रचंड ग्रंथ लिहिणारा दलपतिराज निजामशहाचाच अधिकारी होता. ज्या राज्याच्या पोटात मालोजी-शहाजी भोसले वाढले त्याची ही जडणघडण होती.

पाथरीचा वंश पुढे आणखी दोन मोठ्या घटनांत दिसतो. १५६५ मध्ये तालिकोटच्या लढाईत दख्खनच्या सुलतानांनी विजयनगरचे साम्राज्य मोडले. रामरायाचे शिर उतरवण्याचा हुकूम देणारा हुसेन निजामशहा बुऱ्हाणचा मुलगा, म्हणजे बहिरू कुलकर्ण्याचा खापरपणतू. गाव सुटल्यावर ज्या राज्याने या घराण्याला आसरा दिला, त्याच राज्याच्या विनाशात त्याच घराण्याचा हात होता. आणि १५९५-९६ मध्ये अहमदनगरच्या पडलेल्या तटावर रात्रीत उभी राहून मोगल शाहजादा मुरादच्या फौजेला रोखणारी चांदबिबी हुसेनची लेक. जिच्या शौर्याच्या कथा मराठी मुले शाळेत ऐकतात, तिचे मूळ गाव परभणी जिल्ह्यात आहे.

चांदबिबीने किल्ला वाचवला, पण तहात मोगलांना वऱ्हाड द्यावे लागले. मग जुनाच प्रश्न नव्याने उभा राहिला. पाथरी वऱ्हाडात धरायची की नाही? १५७४ मध्ये मुर्तझा निजामशहाने इमादशाही बुडवल्यावर सरहद्द पुसली गेली होती. मोगल अधिकाऱ्यांनी वऱ्हाडाबरोबर पाथरीही घेतली. तहात हे ठरले नव्हते, अशी अहमदनगरची तक्रार होती. विजापूरने सुहेलखानाला फौज देऊन पाठवले, गोवळकोंड्याचीही कुमक आली. १५९७ च्या आरंभी अब्दुर्रहीम खानखानानशी त्यांची गाठ पडली. अकबरनामा लढाईची जागा पाथरीपासून १२ कोसांवर आष्टीजवळ सांगतो. फिरिश्ता गोदेकाठचे सोनपेठ म्हणतो. मोगलांच्या बाजूने लढणारा खानदेशचा राजा अलीखान त्या रणात पडला. दोन्ही फौजांना आपणच जिंकलो असे वाटले आणि अंधारात त्या मैदानावरच थांबून राहिल्या. हार झाली तर आपल्याला कुठे शोधायचे, असे एका सरदाराने विचारले, तेव्हा प्रेतांच्या खाली शोधा, असे खानखानानने उत्तर दिल्याची आख्यायिका आहे. दोह्यांमुळे आपल्याला ठाऊक असलेला रहीम तो हाच. दुसऱ्या दिवशी विजय मोगलांचा झाला.

आईन-ए-अकबरीत पाथरी वऱ्हाड सुभ्याचे एक सरकार म्हणून येते. त्याखाली १८ परगणे होते आणि त्यांत परभणी, जिंतूर, वसमत, नांदेड होते. म्हणजे आज ज्या परभणीच्या जिल्ह्यात पाथरी मोडते, ती परभणी तेव्हा पाथरीच्या सरकारातला एक परगणा होती. ब्राह्मण भाऊबंदांचे इनाम फिरिश्त्याच्या इतिहासात याच काळापाशी संपते. राज्यही फार टिकले नाही. शहाजीराजांनी एका लहान निजामशहाला गादीवर बसवून ते सावरू पाहिले, पण १६३६ मध्ये माहुलीला सारे संपले.

पाथरीसाठी झालेल्या लढायांचा हिशेब कसा मांडायचा? केवळ पूर्वजांच्या ओढीने बुऱ्हाण लढला, असे म्हणणे भाबडेपणाचे होईल. गोदावरीच्या खोऱ्यातली काळी जमीन, वऱ्हाडच्या सरहद्दीवरचा मोक्याचा परगणा, वाढत्या राज्याची भूक, ही कारणेही होती. पण केवळ मुलूखच हवा असता तर जास्त उत्पन्नाचा परगणा देऊन तो मागण्याचे कारण नव्हते आणि जिंकल्यावर भाऊबंदांना देऊन टाकण्याचे तर मुळीच नव्हते. या हट्टाची किंमतही मोठी होती. वऱ्हाड आणि अहमदनगर यांच्यात पडलेली फूट पुन्हा सांधली नाही. दख्खनच्या घरच्या भांडणात बाहेरच्या सत्तेला बोलावण्याचा पायंडा पडला. आधी गुजरात आला, शेवटी मोगल आले.

तरी या कथेतून मराठी मुलखाबद्दल एक महत्त्वाची गोष्ट कळते. तख्तांची नावे बदलत होती, धर्म बदलत होते, भाषा बदलत होत्या. माणसे गुलाम म्हणून नेली जात आणि सुलतान म्हणून परत येत. या उलथापालथीत त्यांची खूणगाठ होती ती गाव आणि गावातला हक्क. बहमनी रक्ताची बनावट कुळी घराण्याला मिळत होती. बुऱ्हाणने मात्र पाथरीचा कुलकर्णी असणे आपल्या कृतीने मान्य केले. आज आपण इतिहासातली माणसे दोन सरळ रांगांत उभी करतो, आपली आणि परकी. पाथरीचे हे घराणे त्या कोणत्याच रांगेत बसत नाही. त्याने आसरा देणारे राज्य मोडले, निरपराध वजिराचा बळी घेतला, अहमदनगरही वसवले आणि चांदबिबीही दिली. परभणी जिल्ह्याच्या इतिहासात ते सगळेच्या सगळे लिहिले गेले पाहिजे, आणि पाथरीच्या शाळेत ते प्रथम शिकवले गेले पाहिजे.